जॉइंट गळतोय

वडीगोद्रीच्या माझ्या मामाची कापसाची जमीन १.२० आहे. कसली १.२०, असं विचारलं तर तो तुमच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघेल. एक एकर वीस गुंठे, आणखी कसली? चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे हा तुकडा झाला दीड एकराचा. पारावर, मोंढ्यात, सोयरिकीच्या बैठकीत तो ‘एक वीस’ एवढंच सांगतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय ते कळतं.

सातबारा मात्र एकर-गुंठ्यांत बोलत नाही. तिथं हेक्टर आणि आर. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. सातबारावर १.२० दिसलं तर ती एक हेक्टर वीस आर जमीन, म्हणजे जवळजवळ तीन एकर. आता तिसरा वाचक घ्या. पुण्यात हिंजवडीला बसलेला, शेत फक्त हायवेवरून पाहिलेला एक हुशार पोरगा. त्याला कुणीतरी सांगितलंय की आकडा एकरात आहे. त्याच्या लेखी १.२० म्हणजे एक पूर्णांक वीस शतांश एकर, म्हणजे एक एकर आठ गुंठे. टिंबापुढचे वीस हे गुंठे असू शकतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही आणि त्यानंही कुणाला विचारलेलं नाही.

याचे पैसे करून बघू. २०२३च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये, कमाल दोन हेक्टरांपर्यंत, असं अर्थसहाय्य दिलं. मामाच्या खऱ्या दीड एकराचे होतात ३,०३५ रुपये. आकडा हेक्टर समजून घेतला तर ६,०००. दशांश एकर समजून घेतला तर २,४२८. त्या योजनेत असं घडलं असं मी म्हणत नाही, हा हिशेब माझा, समजावण्यापुरता. लक्ष द्यायचं ते एवढ्यावर, की तिन्ही गुणाकार बिनचूक आहेत. आकडा नोंदवणाऱ्याचं काम बरोबर, गुणाकार करणाऱ्याचं काम बरोबर आणि पैसे तेवढे चुकीचे.

मागच्या प्रकरणात आपण घटक चाचणी पाहिली. प्रोग्रामचा एकेक सुटा तुकडा घ्यायचा, त्याला ठरावीक माहिती द्यायची आणि अपेक्षित उत्तर येतं का ते बघायचं. वरच्या गोष्टीतले सगळे तुकडे त्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवतील, कारण दोष कुठल्याच तुकड्यात नाही. तो दोन तुकड्यांच्या मधे आहे, आणि ‘मधे’ ही जागा कुणाच्याच नावावर नसते. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर तो बांध आहे. बांधावरून भांडणं का होतात, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको.

या बांधावरच्या तपासणीला एकत्रीकरण चाचणी म्हणतात. आमच्या धंद्यात सगळे इंटिग्रेशन टेस्टिंग म्हणतात, मीही तेच म्हणेन.

हा घोळ फक्त आपल्या गुंठ्यांचा आहे असं वाटत असेल तर मंगळाकडे बघा. ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे नासाचं यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघालं आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाशी पोचता पोचता हरवलं. यानाची छोटी इंजिनं पेटली की त्यानं यानाला किती धक्का बसला याचा हिशेब लॉकहीड मार्टिन कंपनीनं लिहिलेला एक प्रोग्राम करत असे. तो पाउंडांत उत्तर देई. ते उत्तर वाचणारी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतली मंडळी ते न्यूटनमध्ये आहे असं धरून चालली. दोहोंत सुमारे साडेचार पटींचा फरक. नऊ महिन्यांच्या प्रवासात हा फरक थोडा थोडा साचत गेला. मंगळापासून सव्वादोनशे किलोमीटरवरून जायचं यान सुमारे सत्तावन्न किलोमीटरपर्यंत खाली गेलं, आणि तेवढ्या खाली वातावरणात ते टिकणं शक्यच नव्हतं. तिथंही एकर-गुंठे आणि हेक्टर-आर यांचंच भांडण होतं, फक्त बांध जरा लांबचा.

इथं एक साधं गणित मनात ठेवलेलं बरं. दोन तुकडे असतील तर जोड एक. पाच असतील तर जोड दहा. दहा असतील तर पंचेचाळीस, वीस असतील तर एकशे नव्वद. तुकडे सावकाश वाढतात आणि जोड मात्र लग्नातल्या मानपानासारखे वाढतात. प्रत्येक तुकडा प्रत्येकाशी बोलतोच असं नाही, हे खरं. पण कोण कोणाशी बोलतो याची यादी ज्या प्रकल्पात पहिल्या दिवशी तयार असते, असा प्रकल्प मी अठरा वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही.

*

इंटिग्रेशन कसं करावं हे मला पुस्तकांआधी ठिबकनं शिकवलं. त्यासाठी परत मामाकडे जावं लागेल.

वडीगोद्री अंबड तालुक्यात आहे, धुळे-सोलापूर हायवेवर. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता इथं हायवेला मिळतो, त्यामुळे फाट्यावर कायम वर्दळ. शिवारातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. एकूण २०८ किलोमीटरचा हा कालवा पैठणहून निघून परभणीकडे जातो. त्याच्या आधाराने ऊस, कापूस आणि मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, हे मामा प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी ऐकवतो. त्याची मोसंबीची बाग कापसाच्या तुकड्यापासून वेगळी, विहिरीला लागून आहे. साधारण तीनशे झाडं.

त्या बागेत ठिबक बसवलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि सुट्टीत हाताखाली होतो. मला वाटलं होतं, सगळे पाइप जोडायचे, मोटार चालू करायची आणि झाडाखाली पाणी टपकताना बघायचं. बसवायला आलेल्या मिस्त्रीनं तसं काही होऊ दिलं नाही. त्यानं आधी मोटार आणि फिल्टर एवढंच जोडलं आणि पुढं तोंडाला टोपण लावून मोटार सोडली. फिल्टरच्या झाकणातून धार उडाली. रबर नीट बसवलं. मग मेन लाइनचा पहिला तुकडा, पुन्हा टोपण, पुन्हा पाणी. मग सबमेन. सबमेनला भोकं पाडून त्यात ग्रोमेट, ग्रोमेटात टेकऑफ, टेकऑफला लॅटरल. लॅटरलच्या शेवटच्या टोप्या त्यानं मुद्दाम उघड्या ठेवल्या. पहिल्यांदा पाइपांतला सगळा भुसा, प्लॅस्टिकचे कीस आणि माती वाहून गेली आणि पाणी स्वच्छ आलं, तेव्हा कुठे टोप्या लावल्या. यात पूर्ण दिवस गेला. मी कंटाळून विचारलं, एकदम जोडून बघितलं असतं तर? तो म्हणाला, “मग गळायलं कुठून, ते कसं सांगणार तू? पाइप कधी गळत नाही बाबा. जॉइंट गळतो.”

सॉफ्टवेअरमध्ये याच दोन पद्धतींना नावं आहेत. सगळं एकदम जोडायचं त्याला म्हणतात बिग बँग. एकेक जोडत, दर वेळी पाणी सोडून बघत पुढं जायचं ती टप्प्याटप्प्याची पद्धत. पुढची लाइन अजून टाकलेलीच नाही, तर तिच्या जागी जे टोपण लावतो त्याला सॉफ्टवेअरवाले स्टब म्हणतात. तो एक खोटा तुकडा. खऱ्या तुकड्याच्या जागी उभा राहायचं आणि विचारलं की ठरलेलं उत्तर द्यायचं, एवढंच त्याचं काम. उदाहरणार्थ, बँकेची यंत्रणा अजून तयार नसेल तर तिच्याऐवजी एक नकली बँक, जी प्रत्येक मागणीला ‘पैसे जमा झाले’ असं सांगते. उलट बाजूनं, विजेचं कनेक्शन यायचं बाकी असताना शेजाऱ्याचं डिझेल इंजिन आणून लाइन तपासली, तर ते इंजिन म्हणजे ड्रायव्हर. वरचा खरा मालक नसताना खालच्या तुकड्यांना काम सांगणारा.

टोपण लावून केलेली चाचणी कामाची असते, पण टोपणाला मोटारीचा दाब कळत नाही. नकली बँक कधी संपावर जात नाही, तिला उशीर होत नाही आणि ‘नाव जुळत नाही’ असं ती कधी म्हणत नाही. स्टबवर केलेल्या चाचण्या हिरव्या दिसल्या की साहेब लोक खूश होतात. मला अशा वेळी पोटात गोळा येतो.

आणि काही दोष तर जॉइंटमध्येसुद्धा नसतात, ते सगळं जोडल्यावरच जन्माला येतात. मामाच्या बागेत झाडाला चार ड्रिपर, प्रत्येकी ताशी चार लिटर. तीनशे झाडांचे झाले ताशी ४,८०० लिटर. एकेक लॅटरल तपासली तेव्हा प्रत्येक ड्रिपर चोख चालला. सगळी बाग एकदम सोडली तेव्हा वरच्या ओळी भिजल्या आणि खालच्या टोकाला नुसती ओल. ड्रिपर चांगला, पाइप चांगला, एकही जॉइंट गळत नाही, फक्त मोटारीला तेवढा दम नाही. शेवटी बागेचे दोन भाग करून मधे व्हॉल्व्ह टाकला. कालव्याच्या टेलवरच्या शेतकऱ्याला हे नव्यानं सांगायची गरज नाही. पाणी सुटलं असं धरणावर लिहिलेलं असतं आणि पाणी आलं असं टेलवर दिसावं लागतं.

*

बिग बँगचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण मुंबई विद्यापीठाचं. २०१७च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी संगणकावर तपासायच्या असं ठरलं. उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या घरात. स्कॅनिंग, बारकोड, विषयवार वाटणी, तपासणारे प्राध्यापक, निकालाचा तक्ता, ही सगळी साखळी एवढ्या आकाराला पहिल्यांदाच जोडली गेली आणि तीही ऐन हंगामात. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. संगणकावर पेपर तपासणं हे तंत्र म्हणून वाईट नाही. पण एका छोट्या विद्याशाखेचं एक सत्र आधी त्यातून काढलं असतं तर गळणारे जॉइंट तिथंच दिसले असते.

याहून शिकण्यासारखी, आणि वडीगोद्रीच्या जास्त जवळची, गोष्ट आहे कर्जमाफीची. एकाच राज्यात अडीच वर्षांच्या अंतरानं दोन कर्जमाफ्या झाल्या, दोन वेगवेगळ्या सरकारांच्या. त्यांतल्या राजकारणाशी आपल्याला इथं कर्तव्य नाही. चाचणीच्या नजरेनं बघितलं तर त्या एकाच प्रयोगाच्या दोन फेऱ्या वाटतात.

पहिली जून २०१७ची, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. आकडा ३४,०२२ कोटींचा, मर्यादा कुटुंबामागे दीड लाख. शेतकऱ्यानं ऑनलाइन अर्ज भरायचा, त्यात आधार, बँक आणि कुटुंबाचा तपशील द्यायचा. तिकडे बँकांनी प्रत्येक कर्जखात्याची ६६ रकान्यांची माहिती भरायची. मग संगणकानं अर्ज आणि बँकेची माहिती यांची गाठ घालायची.

ही गाठ किती ठिकाणी घालायची ते बघा. गावात पीककर्ज बहुतेक वेळा विविध कार्यकारी सोसायटीकडून येतं. तिची खतावणी गटसचिवाकडे. सोसायटीला पैसे जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून. काहींचं खातं राष्ट्रीयीकृत बँकेत, काहींचं दोन्हीकडे. शिवाय आधार, अर्जाचं पोर्टल, सहकार खात्याची तपासणी आणि शेवटी पैसे सोडणारं कोषागार. मोजून सात जण, म्हणजे एकवीस जोड. आणि या साती जणांना एकच माणूस वेगवेगळ्या नावानं ओळखीचा असतो. सोसायटीच्या वहीत ‘विठ्ठल’, बँकेत ‘विठ्ठलराव’, आधारवर आडनाव शेवटी, पासबुकावर आडनाव आधी, एकीकडे मराठीत, दुसरीकडे इंग्रजी स्पेलिंगमध्ये, आणि ते स्पेलिंगही ज्याला जसं सुचलं तसं. माणसाला हे बघताक्षणी कळतं. गटसचिव तर आवाजावरून ओळखतो. संगणकाला ‘विठ्ठल’ आणि ‘विठ्ठलराव’ ही दोन माणसं.

१८ ऑक्टोबर २०१७ला, दिवाळीच्या तोंडावर, समारंभ करून काही शेतकऱ्यांना कर्जमाफीची प्रमाणपत्रं दिली गेली. त्यानंतर पात्र शेतकऱ्यांची यादी संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली. एकच आधार क्रमांक अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे लागलेला दिसला, माहिती जुळेना, पैसे जमा व्हायला लांबण लागली. बातम्यांत तेव्हा ‘सर्व्हर’ आणि ‘सॉफ्टवेअर’ यांना भरपूर शिव्या बसल्या. माझ्या मते त्या बऱ्याचशा चुकीच्या पत्त्यावर गेल्या. जोडायच्या वस्तूंपैकी प्रत्येकीचा मालक वेगळा होता आणि प्रत्यक्ष माहितीचं पाणी सगळ्या लाइनीतून एकदम, पूर्ण दाबानं सोडलं गेलं. लॅटरलच्या टोप्या उघडून आधी कचरा वाहू देण्याइतकी सवड तारखांनी ठेवलीच नव्हती.

दुसरी फेरी डिसेंबर २०१९मध्ये जाहीर झाली. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, मर्यादा दोन लाख. या वेळी शेतकऱ्याला अर्ज नव्हता. माहिती बँकांनीच भरायची. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २४ फेब्रुवारी २०२०ला लागलेली पहिली यादी. सुमारे ३५ लाख खात्यांची माहिती गोळा झालेली असताना ती यादी होती फक्त १५,३५८ शेतकऱ्यांची. चौतीस जिल्हे, प्रत्येक जिल्ह्यातली दोन गावं, एकूण ६८ गावं. त्या गावांत मोटारीपासून शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी जातं का ते बघितलं आणि थोड्याच दिवसांनी पुढची, मोठी यादी लावली. कुणी याला ‘पायलट’ म्हटलं, कुणी ‘प्रायोगिक’. आमच्या भाषेत ही खऱ्या माणसांवर, खऱ्या खात्यांवर, टोकापासून टोकापर्यंत केलेली चाचणी होती. घाईच्या राजकारणात कुणीतरी हे मधले दिवस मागून घेतले. ते कुणी, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

*

इथून आपण प्रकरणाच्या दुसऱ्या भागात येतो. इंटिग्रेशन टेस्टिंगमध्ये विचारायचं, सगळे तुकडे एकमेकांशी नीट बोलतात का. ते बोलले, गळती थांबली, तरी एक प्रश्न उरतोच. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याला हे हवं होतं का? त्याच्या कामाला ते येतं का? हा प्रश्न प्रोग्रामरनं स्वतःला विचारून भागत नाही. त्याचं उत्तर वापरणाऱ्यानंच द्यायचं. ही स्वीकृती चाचणी, ॲक्सेप्टन्स टेस्टिंग. आमच्याकडे तिचं बोलीतलं नाव यूएटी. आणि ती झाल्यावर ग्राहक जो कागद सही करून देतो तो साइन-ऑफ.

मुलगी बघायला जाणं आणि संसार करणं यांत जेवढं अंतर, तेवढंच पुष्कळदा यूएटी आणि प्रत्यक्ष वापरात असतं. माझ्या हातून एकदा झालेली फजिती सांगतो. बँकेचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. एका सहकारी बँकेला नवी प्रणाली द्यायची होती. यूएटीसाठी मुख्य कार्यालयातून चार तरुण अधिकारी आले. एसी खोली, चहा, बिस्किटं. कुठलं बटण दाबायचं ते आम्ही त्यांना सांगत होतो. खाती आम्हीच बनवलेली, खातेदारांची नावं आम्हीच ठेवलेली, छोटी आणि सुटसुटीत. तीन दिवसांत दीडशे चाचण्या पास झाल्या. सह्या झाल्या. पेढेसुद्धा झाले.

पहिल्या सोमवारी तालुक्याच्या शाखेतून फोन. पासबुकं छापली जात नव्हती. सगळीच नव्हे, ठरावीक. शोधल्यावर कळलं की ती लहान मुलांची खाती होती. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मग ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि मग आईचं पूर्ण नाव. आम्ही नावाला चाळीस अक्षरं ठेवली होती. नाव पुढच्या रकान्यात सांडत होतं आणि छपाईचा प्रोग्राम तिथंच बसकण मारत होता. त्या शाखेत तीस वर्षं काउंटरवर बसलेल्या एक बाई होत्या. मी गेलो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “आम्हाला बोलावलं असतं तर पहिल्या दिवशी हेच खातं काढून बघितलं असतं. आमच्याकडं अर्धी खाती शाळेच्या पोरांचीच आहेत, शिष्यवृत्तीची.” त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना संगणक ‘फारसा येत नाही’ असं मुख्य कार्यालयाचं मत होतं.

तेव्हापासून मी यूएटीच्या यादीत पहिलं नाव अशा बाईंचं घालतो.

स्वीकृतीच्या चाचण्या काम सुरू होण्याआधी लिहिल्या तर त्यांचा दुहेरी उपयोग होतो. त्या लिहिताना कळतं की आपल्याला काय बनवायचंय हेच अजून ठरलेलं नाही. ढाचा सोपा असतो. अमुक परिस्थिती असेल, तमुक घडलं, तर असं व्हावं. मी एकदा मजेखातर मामासमोर वही घेऊन बसलो. विषय ई-पीक पाहणीचा. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवरून पिकाची नोंद आणि फोटो टाकायचा, अशी ही पद्धत आहे. आधी हे काम तलाठ्याचं. या नोंदीवर पुढं बरंच काही अवलंबून असतं. कापसाच्या त्या अर्थसहाय्यातही तिचा प्रश्न आलाच होता. मी म्हटलं, समजा तूच हे सॉफ्टवेअर विकत घेणार आहेस. घ्यायच्या आधी काय काय तपासशील?

मी मनात सात-आठ चाचण्या धरल्या होत्या. शून्य क्षेत्र, बरोबर दोन हेक्टर, दोन हेक्टर एक आर, असल्या सीमेवरच्या. टेस्टर पोरं कॉलेजातून हेच शिकून येतात आणि ते चुकीचं नाही. मामानं सुपारी कातरत सुरुवात केली. कपाशीत दोन तासं तुरीची आहेत, तर कपाशीचं रान किती धरायचं? सातबारा तिघा भावांचा सामाईक आहे, एक पुण्याला असतो, तर नोंद कुणी करायची आणि पैसे कुणाच्या खात्यावर? ओढ्याकडचं पोटखराब आहे, पण यंदा तिथंबी लावलंय, मग? नोंदीच्या मुदतीत कालव्याच्या पलीकडं जाता येईना एवढा पाऊस लागला तर? शिवारात रेंजच नाही, घरी येऊन फोटो टाकला तर चालंल का? मी मधेच म्हणालो, हळू सांग. तो थांबला नाही. “फोन पोराचा आहे. पोरगं संभाजीनगरला कामाला. मग?”

शेवटच्या प्रश्नाला कुठल्याही पाठ्यपुस्तकात जागा नाही. वहीची तीन पानं भरली, आणि त्यात संगणकाचा दोष म्हणता येईल असं जेमतेम एखादं होतं. बाकी सगळे निर्णय होते, जे कुणीतरी माणसानं आधी घ्यायला हवेत. सामाईक खात्यावर बाकीच्यांचं संमतीपत्र लागेल, हा असाच एक निर्णय. तो शासनाला पुढं घ्यावा लागलाच. हे पहिल्या पानावर लिहून ठेवलं असतं तर प्रोग्रामरला ते चार ओळींचं काम. नंतर सुचलं तर तहसीलपर्यंतच्या चकरा.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डिक्स्ट्रा यांनी १९६९ सालीच बजावून ठेवलंय की चाचणीनं दोष आहेत एवढं दाखवता येतं, दोष नाहीत हे दाखवता येत नाही. ते अर्थातच खरं आहे. म्हणून स्वीकृती चाचणीत आपण ‘निर्दोष’ असं प्रमाणपत्र देत नाही. वापरणारा एवढंच म्हणतो, की माझ्या कामापुरतं, मला माहीत असलेल्या अडचणींत, हे चाललं. ती त्याची सही असते, तंत्रज्ञाची नसते. ज्याच्यावर परिणाम होणार त्यानं, त्याच्या जागेवर, त्याच्या माहितीनिशी दिलेला होकार किंवा नकार. नकार द्यायची सोय नसेल तर त्या चाचणीला काही अर्थ राहत नाही. माझ्या त्या एसी खोलीत नकाराची सोय नव्हती. पेढे आधीच मागवलेले होते.

आणि म्हणूनच मला फेब्रुवारी २०२०च्या कर्जमुक्तीतली आणखी एक बारीक तरतूद आवडते. यादीत नाव आलं की शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळे. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात किंवा बँकेत जायचं. तिथं त्याच्या खात्याची रक्कम दाखवली जाई. पटली तर आधारचा अंगठा लावून मान्य करायची. पटली नाही तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाणार. पैसे अंगठ्यानंतर. म्हणजे लाखो खात्यांमागे लाखो छोट्या स्वीकृती चाचण्या, आणि प्रत्येक चाचणीचा मालक स्वतः कर्जदार. एकवीस जॉइंटमधून गळून, निथळून जो आकडा पडद्यावर आला, तो त्या माणसाच्या डोक्यातल्या आकड्याशी जुळतो का, हे विचारायला दुसरा कुणी साक्षीदार चालणार नव्हताच.

मामाचं नाव नंतरच्या यादीत आलं. मार्चचे पहिले दिवस, कोरोना अजून टीव्हीतच होता. मी गावाकडे होतो म्हणून बरोबर गेलो. फाट्याजवळचं छोटं केंद्र, बाकावर सात-आठ जण, एक टेबल, एक मॉनिटर, अंगठ्याचं यंत्र. मामानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक जुनी डायरी काढली. गटसचिवाकडून त्यानं आपली येणेबाकी आधीच लिहून आणली होती, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं.

केंद्रातल्या पोरानं क्रमांक टाकला, पडद्याकडे बघून रक्कम मोठ्यानं वाचली आणि यंत्र पुढे सरकवलं. “लावा अंगठा.”

मामानं अंगठा लावला नाही. “पडदा इकडं फिरव,” तो म्हणाला.

पोरानं माझ्याकडे बघितलं, मग मॉनिटर अर्धा वळवला. मामानं डायरीवर बोट ठेवून एकेक आकडा वाचला, मग पडद्यावरचा, मग पुन्हा डायरीतला. रांगेतले दोघे-तिघे उठून मागे उभे राहिले आणि तेही आपापल्या खिशांत काहीतरी चाचपू लागले. आकडा जुळत होता. मग त्यानं अंगठा ठेवला. यंत्रानं घेतला नाही. कापूस वेचून वेचून गुळगुळीत झालेला अंगठा. त्यानं तो धोतराला पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. बाहेरच्या माठातलं पाणी घेऊन हात धुतला, कोरडा केला, तिसऱ्यांदा ठेवला. हिरवा दिवा लागला.

पोरानं पावती छापली. मामानं तीही उभ्या उभ्या वाचली, घडी घालून डायरीत ठेवली आणि मागच्या माणसाला म्हणाला, “बघून लावा हो.”